मुहूर्त काढून चेहरा उजळत नाही: स्किन ट्रीटमेंटच्या या चुका टाळा

‘ताई, अठरा तारखेला साखरपुडा आहे. तोवर होईल ना?’

ठाण्यात राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीत एक स्किन क्लिनिक आहे. तिथल्या काउंटरवर मी नऊ वर्षं बसते आहे आणि हा प्रश्न दिवसातून एकदा तरी येतोच. कधी साखरपुडा असतो, कधी केळवण, कधी शाळेच्या बॅचचं पंचवीस वर्षांनी जमलेलं गेट-टुगेदर. डाग चार वर्षांचा जुना असतो, पण खुपायला लागतो तो पत्रिका छापून आल्यावर.

मी डॉक्टर नाही. फाइल काढणं, तारखा देणं, पैसे घेणं आणि सिटिंगनंतर काय करायचं, काय नाही ते समजावणं एवढंच माझं काम. पण दुसरीकडे बिघडवून आलेली माणसं आधी माझ्यासमोर बसून रडतात. त्यामुळे चुकांची वही माझ्याकडे चांगलीच जाड झाली आहे.

कातडी कॅलेंडर बघत नाही

त्वचेचा वरचा थर नव्याने तयार होऊन झडायला साधारण चार आठवडे लागतात. वय वाढेल तसा हा काळही लांबतो. ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं साधं पील, म्हणजे अ‍ॅसिड लावून कातडीचा वरचा थर सोलणं, केलं तरी पुढचे तीन ते सात दिवस चेहऱ्याचे पापुद्रे सुटत राहतात, आणि फरक दिसायला काही आठवड्यांच्या अंतराने चार-सहा सिटिंग लागतात. म्हणून समारंभ असेल तर सुरुवात चार-पाच महिने आधी करायची आणि शेवटचं पील निदान तीन आठवडे आधी उरकायचं. आयुष्यातलं पहिलंच पील लग्नाच्या आठवड्यात करणं म्हणजे न वापरलेल्या चपला घालून पंढरीला निघणं.

नौपाड्यातली एक मुलगी आठवते. बुधवारी पील केलं, रविवारी पाडवा होता. उन्हात जायचं नाही हे मी कागदावर लिहून दिलं होतं, खाली रेघ मारून. पण नऊवारी शिवून तयार, नथ आणलेली आणि स्वागतयात्रेत बुलेटवर बसायचं ठरलेलं! सकाळी साडेसहापासून अकरापर्यंत ती तलावपाळीच्या उन्हात होती. मंगळवारी आली तेव्हा दोन्ही गालांच्या हाडांवर चहा सांडल्यासारखे तपकिरी पट्टे उमटले होते. नाकाशेजारी सुटलेली एक पापुद्र्याची कड तिने बसल्या बसल्या नखाने ओढली होती. तिथे बरोबर तांदळाच्या दाण्याएवढा काळा ठिपका पडला. पट्टे तीन-चार महिन्यांत गेले. ठिपका दिवाळीपर्यंत होता.

आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीचा हा स्वभावच आहे. जखम, चटका, पुळी, ओरखडा, काहीही झालं तरी ती रंग सोडून उत्तर देते. म्हणून विलायती व्हिडिओत बघितलेलं जोरकस पील किंवा लेसर ‘मलाही तेच द्या’ म्हणून मागू नका. आणि पीलनंतरच्या आठवड्यात हळदीचा समारंभ, उटणं, लिंबू-बेसन यातलं काहीही चेहऱ्याजवळ आणू नका. आजीने सांगितलं असलं तरी.

मेडिकलमधली ट्यूब

ही चूक मी स्वतः केली आहे, त्यामुळे यावर जरा जास्त बोलते.

धाकटा झाला आणि माझ्या दोन्ही गालांवर, वरच्या ओठावर वांग आलं. शेजारच्या वहिनींनी एका ट्यूबचं नाव सांगितलं, ती कोपऱ्यावरच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळाली. पंधरा दिवसांत चेहरा काचेसारखा झाला. ‘काय गं, काय लावतेस हल्ली?’ असं भाजीवालीसुद्धा विचारायची. लोकांनी कौतुक केलं नसतं तर मी बहुधा महिन्याभरात ती ट्यूब बंद केली असती. ते कौतुक ऐकून मी ती आठ महिने लावली.

मग एक दिवस साध्या पाण्यानेही चेहरा भगभगायला लागला. उन्हात दोन मिनिटं उभी राहिले की टोमॅटो. गालांवर लव वाढली, हनुवटीवर बारीक पुळ्या आल्या. दोन दिवस ट्यूब बंद केली की सगळं दुपटीने उसळायचं आणि लावली की शांत व्हायचं, म्हणून मी पुन्हा लावायचे. जावेच्या मुलीच्या बारशात मी पदर तोंडावर धरून पाळण्याच्या मागे उभी होते.

त्या ट्यूबमध्ये तीन औषधं एकत्र असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड. हे मिश्रण काही भोंदू नाही. क्लिगमन आणि विलिस या डॉक्टरांनी १९७५ साली अशा तिहेरी मिश्रणाचा नुस्खा मांडला आणि वांगावर ते आजही दिलं जातं. पण ठरावीक आठवडे, रात्री, डॉक्टरांच्या नजरेखाली. महिनोन्‌महिने क्रीमसारखं फासलं तर त्यातलं स्टिरॉइड कातडी पातळ करतं आणि तिला स्वतःची सवय लावतं. आपल्याकडे हे इतकं झालंय की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला ‘टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस’ असं नावच दिलं. २०१८ साली सरकारने अशा स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद केली. कागदावर.

ट्यूब घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. लेबलवर उभी लाल रेघ असेल तर ते चिठ्ठीचं औषध, शेजारणीकडून घ्यायचं नाही. आणि आधीच अडकला असाल तर आजच्या आज फेकून देऊन मोकळं होऊ नका. डॉक्टर ते हळूहळू, कमी ताकदीचं देत उतरवतात. मधले काही आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो, आणि नेमकं तेव्हाच माणूस घाबरून पुन्हा ट्यूबकडे वळतो. त्या दिवसांत मी फक्त साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लावत होते. सात महिने लागले. वांग अजून थोडं आहेच. ते दबतं, पण उन्हाने आणि हार्मोन्सनी पुन्हा डोकं वर काढतं. ‘कायमचं घालवतो’ म्हणणाऱ्याकडून मी दोन पावलं लांब राहते.

वांग असेल तर रंगाची छटा असलेलं, आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन विचारून घ्या, कारण वांगाला नुसतं ऊनच नाही, डोळ्यांना दिसणारा उजेडही चिघळवतो. प्रमाण म्हणाल तर चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं. वाटाण्याएवढं लावून ‘मला सनस्क्रीनचा उपयोग होत नाही’ म्हणणाऱ्या रोज भेटतात.

ट्यूबला निदान लेबल तरी असतं. पार्लरमध्ये किंवा ओळखीतून मिळणाऱ्या बिननावाच्या डब्यांची गोष्ट त्याहून वाईट. त्यात पारा सापडतो. पारा रंग खरंच उतरवतो, म्हणून तो घालतात, आणि तो कातडीतून आत जाऊन मूत्रपिंडावर बसतो. केरळात मलप्पुरम भागात २०२३ साली गोरेपणाची क्रीमं लावणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण एकापाठोपाठ सापडले. क्रीम सुरू केल्यावर पायांना सूज आली किंवा लघवीला फेस यायला लागला, तर स्किनवाल्याकडे नाही, आधी फिजिशियनकडे जा. डबा सोबत न्या.

हनुवटीचे केस आणि चिमटा

केस काढायचा लेसर केसाच्या मुळातल्या काळ्या रंगाला पकडतो. तुम्ही आदल्या आठवड्यात थ्रेडिंग, वॅक्सिंग केलंत किंवा चिमट्याने मुळासकट उपटलंत तर पकडायला आत काही उरतच नाही. पैसे गेले, केस तसेच. सिटिंगच्या आधी निदान चार आठवडे फक्त रेझर. हे सांगितलं की समोरच्या बाईचा चेहरा बघण्यासारखा होतो: ‘दाढी करू?’ हो, करा. रेझरने केस जाड होत नाहीत, टोक बोथट कापलं जातं म्हणून खरखरीत लागतं, इतकंच.

पांढऱ्या केसांवर लेसर चालत नाही, कारण त्यात रंगच नाही. सगळे केस एकाच वेळी वाढीच्या टप्प्यात नसतात, म्हणून सहा-आठ सिटिंग आणि मध्ये चार ते सहा आठवड्यांचं अंतर. आठवड्याला एक करून लवकर उरकू, असं होत नाही. अलिबागहून रापून आला असाल तर तारीख पुढे ढकला. रापलेल्या कातडीतला रंगही लेसर पकडतो, मग केसाऐवजी कातडी भाजते. मशीन कुठलं ते विचारायला लाजू नका. सावळ्या रंगाला १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं एनडी-याग तुलनेने सुरक्षित, ७५५चं अ‍ॅलेक्झांड्राइट मात्र जपून वापरायचं. आणि ‘कायमचं’ हा शब्द इथेही सैल आहे. अमेरिकेची औषध-उपकरणं तपासणारी सरकारी संस्था एफडीएसुद्धा केस कायमचे कमी होतात म्हणते, जातात म्हणत नाही.

कळव्याहून येणारी एक मुलगी तीन ठिकाणी मिळून वीसेक सिटिंग करून आमच्याकडे आली. पर्समध्ये चिमटा, रुमालात गुंडाळलेला. ट्रेनमध्येसुद्धा हात हनुवटीवरच असायचा, म्हणाली. तिला पाळीबद्दल तोवर कोणी विचारलंच नव्हतं. पाळी दोन-दोन महिने चुकत होती. पीसीओएस, म्हणजे पाळी बिघडवणारा हार्मोन्सचा विकार, असेल तर हार्मोन्स नवे केस उगवत राहतात आणि लेसर एकटा पुरा पडत नाही. आधी स्त्रीरोगतज्ज्ञ, रक्ताच्या तपासण्या, मग लेसर.

पॅकेजबद्दल आतल्या गोटातलं सांगते, कारण ते आम्हीही विकतो. ‘आजच भरलं तर सूट’ ही ऑफर पुढच्या आठवड्यातही असते. आधी एक सिटिंग आणि कानामागे किंवा जबड्याखाली पॅच टेस्ट, म्हणजे छोट्याशा जागेवर चाचणी, करून बघा, उरलेले पैसे नंतर. किंमत जीएसटी धरून की सोडून, मध्येच सोडलं तर परत किती, हे बिलावर लिहून घ्या.

पाटी, सुई, चरबी

पाटीवर ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ लिहिलंय यावरून डॉक्टर आहे की नाही ते कळत नाही. एमडी, डीव्हीडी, डीडीव्हीएल अशी त्वचारोगाची पदवी-पदविका आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक बघा. गोरं होण्यासाठी ग्लुटाथायोन या औषधाचं इंजेक्शन शिरेतून घेणार असाल तर घेऊ नका. फिलिपिन्सच्या औषध नियामकानेही त्याविरुद्ध इशारा दिलेला आहे. चरबी गोठवणारं मशीन वजन कमी करत नाही, एखादा वळकटीएवढा फुगवटा थोडा उतरवतं. क्वचित उलटंही होतं: तिथली चरबी वाढून घट्ट होते. सुपरमॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टाने २०२१ साली स्वतःबाबत हेच जाहीर केलं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच बंद केल्या असतील तर कुठलीही ट्रीटमेंट करण्याआधी सांगा. त्या गोळ्यांवर गरोदर राहायचं नसतं, हेही अनेकींना सांगितलेलं नसतं.

बिघडलंच तर

लेसरनंतर थोडा लालपणा आणि सूज दिवसभरात उतरते. फोड आला, चट्ट्याला कड दिसायला लागली किंवा दुखणं वाढत गेलं तर रात्री बारा वाजले असले तरी फोटो काढून क्लिनिकला पाठवा. गार पाण्याची घडी ठेवा, बर्फ थेट घासू नका. फोड फोडू नका. टूथपेस्ट, हळद, बोरिक पावडर काही नाही. कोणती ट्रीटमेंट, कोणतं मशीन, किती ताकद, याची नोंद मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे, आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर पहिलं तेच विचारतात. खाजगीत परवडत नसेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाच्या ओपीडीची वाट धरा.

आरसा आणि मोबाइल

सेल्फी दाखवून ‘नाक बघा कसं फेंदारलंय’ म्हणणारे वाढले आहेत. २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गणित मांडून दाखवलं की बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरून काढलेल्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. मी आता असा फोटो पुढे आला की त्यांचाच मोबाइल घेऊन वेटिंग रूमच्या दुसऱ्या टोकाला जाते आणि तिथून एक काढून देते. निम्म्यांचं नाक तिथेच बरं होतं.

आत्मविश्वास वाढतो का? वाढतो, मी बघितलंय. ऐरोलीत आयटीत काम करणारा एक मुलगा, गालांवर मुरुमांचे खड्डे, मीटिंगमध्ये कॅमेरा कायम बंद. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं, खड्डे बुजणार नाहीत, उथळ होतील. तिसऱ्या सिटिंगला तो मास्क न लावता आला. खड्डे होतेच. त्याला काय मिळणार आहे ते आधीपासून ठाऊक होतं, म्हणून जेवढं मिळालं तेवढ्यावर तो खूश होता.

आणि गेल्या पावसाळ्यात घोडबंदरहून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या. चार क्लिनिकच्या फाइली एका पिशवीत. डोळ्याखालचा एक डाग दाखवत होत्या. मी चष्मा पुसून बघितलं, डॉक्टरांनी भिंग लावून बघितलं. तिथे काहीच नव्हतं. त्या सकाळी दोन तास आरशासमोर घालवायच्या, भाचीच्या लग्नाला गेल्या नव्हत्या. डॉक्टरांनी ट्रीटमेंट करायला नकार दिला आणि एका मानसोपचारतज्ज्ञाचं नाव लिहून दिलं. नसलेला किंवा नखाएवढा दोष दिवसभर डोक्यात घोळत राहणं हा आजार आहे, बोलून आणि औषधांनी तो आटोक्यात येतो, पीलने येत नाही, हे त्यांना शांतपणे समजावलं.

बाई तावातावाने बाहेर आल्या. डॉक्टरांनी आतून फोन करून त्यांची कन्सल्टेशन फी परत द्यायला सांगितली. मी नोटा पुढे केल्या. त्यांनी घेतल्या नाहीत, पण चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली.