रिस्टार्ट मारण्याआधी लॉग बाहेर काढा

सपोर्टच्या कामाला लागलेली नवीन मुलं एक सवय फार लवकर उचलतात. विंडोज टाकताना अडकलं, मारा रिस्टार्ट. पुन्हा अडकलं, मारा फॉरमॅट. कधीकधी त्याने काम होऊनही जातं, म्हणून तर ही सवय सुटत नाही. पण पेनड्राइव्हवरून बूट झालेला सेटअप रॅममध्ये चालत असतो. विंडोज सेटअपमध्ये दिसणारा 'एक्स' ड्राइव्हसुद्धा रॅममधलाच. सेटअप सुरुवातीलाच कोसळला तर लॉग, म्हणजे सेटअपने काय काय केलं याच्या नोंदींच्या फाइली, त्या 'एक्स'वर, विंडोजच्या आतल्या 'पँथर' फोल्डरमध्ये असतात. मशीन बंद केलं की संपलं.

म्हणून आधी शिफ्ट आणि एफ१० दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएनही लागतं. काळी विंडो उघडली की 'नोटपॅड' टाइप करा आणि त्याच्या फाइल-ओपनमध्ये जाऊन खाली 'ऑल फाइल्स' निवडा. तिथूनच राइट क्लिकने कॉपी करून लॉग पेनड्राइव्हवर पेस्ट करता येतात. कमांड पाठ नसल्या तरी चालतं. मी आजही बऱ्याचदा हेच करतो.

आता वाचायचं काय? दोन फाइल महत्त्वाच्या: 'सेटअप-अ‍ॅक्ट' आणि 'सेटअप-एरर'. पहिलीत सेटअपने केलेली प्रत्येक गोष्ट असते, त्यामुळे ती अवाढव्य असते. दुसरीत फक्त एररच्या ओळी. नवीन माणूस दुसरी उघडतो, एररची रांग बघतो आणि घाबरतो. घाबरू नका. सुरळीत पार पडलेल्या इन्स्टॉलेशनच्या लॉगमध्येही 'एरर' लिहिलेल्या ओळी सापडतात. छोट्या फाइलमधून फक्त वेळ उचलायची आणि मोठ्या फाइलमध्ये त्या वेळेच्या आसपास, शेवटाकडून वर सरकत वाचायचं. माझं तर मत आहे की आधी एखाद्या धडधाकट मशीनचा लॉग निवांत वाचून काढावा. त्यात काय नेहमीचं असतं हे माहीत असल्याशिवाय वेगळं काय ते कळणार कसं?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्याच्या आगेमागे ११ वर नेण्याची कामं धो-धो आली. त्यातलं एक मशीन दर वेळी बरंच पुढे जाऊन मुकाट्याने जुन्या विंडोजवर परत यायचं. स्क्रीनवर कोड होता ८००७०४२बी आणि पुढे ४०००डी. यातला दुसरा भाग नीट बघायचा. त्याचा पहिला आकडा सेटअप कोणत्या टप्प्यावर होता ते सांगतो: १ म्हणजे जुनी विंडोज अजून चालू आहे, २ म्हणजे सेफ ओएस (मधल्या कामापुरती चालणारी छोटी विंडोज), ३ पहिला बूट, ४ दुसरा बूट. म्हणजे इथे फाइलींची कॉपी आणि पहिला बूट निभावला होता. घोडं अडलं होतं ते जुना डेटा नव्या विंडोजमध्ये हलवताना. अपग्रेडचे लॉग सी ड्राइव्हवरच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये राहतात. त्याच्या नावात सुरुवातीला डॉलरचं चिन्ह आणि शेवटी बीटी असतं. तिथे 'सोर्सेस'मध्ये 'पँथर' मिळाला. एररच्या ओळीत एका फाइलचा अख्खा पत्ता आणि शेजारी कोड ५७०, म्हणजे फाइल खराब आहे, वाचता येत नाही. त्या एका फाइलपायी सगळा सेटअप माघारी फिरत होता. डेटाचा बॅकअप घेतला, डिस्क तपासणारी चेकडिस्क कमांड चालवली, ती फाइल बाजूला काढली आणि अपग्रेड सरळ झालं. हा शोध हाताने नको असेल तर मायक्रोसॉफ्टचं 'सेटअपडायग' हे मोफत टूल लॉग चाळून कारण सांगतं. पण ते वापरण्याआधी दोन-चार लॉग स्वतः वाचा.

लिनक्समध्ये हेच काम जास्त सोपं आहे. उबुंटू टाकताना कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ दाबलं की दुसरी स्क्रीन मिळते. इन्स्टॉलरचे लॉग 'व्हार-लॉग-इन्स्टॉलर'मध्ये आणि कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, म्हणणं 'डीमेसेज' कमांडमध्ये. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सचा इन्स्टॉलर अ‍ॅनाकोंडा मात्र इन्स्टॉलेशन चालू असताना आपले लॉग 'टेम्प'मध्ये ठेवतो.

इथे एक फसगत नेहमीची. फाइल कॉपी होताना इन्स्टॉलर पडतो, डीमेसेजमध्ये 'आय-ओ एरर' (वाचता-लिहिता न येणं) आणि 'स्क्वॉशएफएस एरर' दिसतात, आणि लगेच निदान होतं: डिस्क गेली, नवीन घ्या. त्या ओळीत डिव्हाइसचं नाव वाचा हो! एनव्हीएमई, म्हणजे वेगवान एसएसडी प्रकारची डिस्क असलेल्या लॅपटॉपवर 'एसडीए' हा बहुधा तुमचा पेनड्राइव्हच असतो. आतली डिस्क 'एनव्हीएमई०एन१' नावाने येते. स्क्वॉशएफएस म्हणजे फाइली आवळून ठेवणारी फाइलसिस्टिम, ती तर पेनड्राइव्हवरच्या इमेजमध्येच असते. अशा वेळी आयएसओचा, म्हणजे डाउनलोड केलेल्या इन्स्टॉलर फाइलचा, चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का ते सांगणारा आकडा) जुळवा, दुसऱ्या पेनड्राइव्हवर बूटेबल करा. गिऱ्हाइकाचे डिस्कचे पैसे वाचतात.

वेळेचंही भान ठेवा. लाइव्ह, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या उबुंटूचं घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतं, त्यामुळे लॉगमधली वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे दिसते.

आणि लॉग कुणाला पाठवताना जरा आत बघून घ्या. मशीनचं नाव, युजरची नावं, फाइलींचे पत्ते सगळं त्यात असतं. उबुंटूच्या त्याच इन्स्टॉलर फोल्डरमध्ये 'ऑटोइन्स्टॉल' नावाची फाइल असते, तिच्यात पासवर्डचा हॅश, म्हणजे त्याचं सांकेतिक रूपही असतं. पूर्ण फोल्डर झिप करून ग्रुपवर टाकू नका. हवी ती ओळ, तिच्या वरच्या वीस-पंचवीस ओळी आणि मशीनचं मॉडेल, एवढं दिलं तरी वरिष्ठ माणूस पुढचं सांगू शकतो. तिकीट, म्हणजे सपोर्टमधली तक्रारीची नोंद, बंद करतानाही त्यात हीच ओळ चिकटवा.