आधी वहीत लिहा, मग ट्रक सोडा

लातुरात मी सिव्हिलच्या पोरांना स्ट्रक्चर शिकवतो. लॅबमधले कॉम्प्युटर जुने, भारी गेम चालत नाहीत. 'ब्रिज डिझायनर' मात्र पळतो. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत स्टीफन रेस्लर यांनी तो केला, फुकट मिळतो. पोलादी मेंबर, म्हणजे पुलाचे सुटे दांडे, जोडून पूल रचायचा, बटण दाबलं की ट्रक निघतो. दाबातलं मेंबर लाल दिसतं, ताणातलं निळं.

एका कॉम्प्युटरवर तिघं बसवा. एकाकडे माउस, एकाकडे वही, तिसऱ्यानं फक्त "कशावरून?" एवढंच विचारायचं. दर पुलाला जागा बदला. ट्रक सोडण्याआधी वहीत लिहायचं: कुठलं मेंबर आधी जाईल आणि का. त्याशिवाय बटणाला हात लावू देऊ नका, नाहीतर पोरं अंदाजपंचे दाबत बसतात.

गेम पुलाची किंमत डॉलरात दाखवतो. पहिल्या वर्षी मी सगळ्यात स्वस्त पुलाला मार्क ठेवले आणि फसलो. दुसऱ्या दिवशी अर्ध्या वर्गाची किंमत डॉलरपर्यंत सारखी! फाइल पेनड्राइव्हवर फिरली होती. आता मार्क वहीला. अंदाज चुकला तरी कारण नीट लिहिलं असेल तर पूर्ण.

वरचं लांब मेंबर मोडलं की हमखास विचारतात, "सर, जाड करू का?" हो-नाही काहीच म्हणू नका. माझ्या पिशवीत सारख्या जाडीच्या दोन तुराट्या असतात, एक वीतभर, एक हातभर. "दोन्ही टोकांनी दाब बरं." हातभर लगेच वाकते, वीतभर अंगठा दुखेस्तोवर तग धरते. "जाडी तर तीच आहे की रे, मग?" थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग एखादा त्या मेंबरच्या मधोमध जोड देतो आणि तिथून तिरपी मेंबरं खाली उतरवतो. ट्रक पार! लांबी निम्मी केली की वाकण्याआधी मेंबर चौपट दाब घेतं, हे ऑयलरचं सूत्र मी त्यानंतरच फळ्यावर लिहितो. पोकळ नळी कुठं घालायची, भरीव कुठं, ते त्यांचं त्यांना सापडू द्या.

शेवटच्या तासाला एकच प्रश्न: हा गेम काय मोजत नाही? वारा निघतो, गंज निघतो. गेल्या वर्षी औशाकडची एक मुलगी म्हणाली, "सर, ह्यात भूकंप कुठंय?" ३० सप्टेंबर १९९३ ला ती जन्मलेलीही नव्हती, पण किल्लारीच्या गोष्टी आजीकडून ऐकलेल्या. कॉम्प्युटर बंद केले. तिथलं जुनं घर घेतलं: वर अर्धा मीटर मातीचं माळवद, म्हणजे सपाट छत, चौरस मीटरला साधारण ८०० किलो, खाली दगडमातीची भिंत. उरलेला तास त्यातच गेला.