आधी फिल्टर, मग स्क्रूड्रायव्हर

चेनसॉचा कार्ब्युरेटर घरी सेट करायचाय? एअर फिल्टर काढा आणि उजेडात धरून बघा. मागच्या वेळी माझं एवढंच राहिलं. फिल्टर भुशाने बुजलेला, हवा कमी, त्यामुळे मिश्रण रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. मशीन धूर काढत घुरघुरत होतं. मी एच स्क्रू (पूर्ण रेसवरचं पेट्रोल ठरवणारा) कसत गेलो आणि आवाज मोकळा झाल्यावर खूश. काही दिवसांनी फिल्टर धुतला. हवा पुरेशी येऊ लागली, पेट्रोल मात्र मी आवळलेलं तेवढंच. मशीन कापता कापता थांबलं. उघडलं तर पिस्टनवर उभे ओरखडे. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच येतं, त्यामुळे लीन, म्हणजे पेट्रोल कमी ठेवून चालवलं की उष्णता वाढते आणि वंगणही घटतं.

म्हणून फिल्टर धुवा, पूर्ण वाळवा, परत बसवा. ओला नको. काढून ठेवून सेटिंग करायची हुशारीही नको.

पेट्रोल ताजं. ऑइल मॅन्युअल सांगेल तेवढं. 50:1 असेल तर लिटरला 20 मिली. प्लग, टाकीतला फिल्टर, मफलरची जाळी बघून घ्या. बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) आणि धार लावलेली चेन जागेवर हवी, नाहीतर इंजिन उगाच जास्त पळतं आणि सेटिंग चुकतं. काम मोकळ्या जागेत, कान झाकून. चष्मा, हातमोजे वगैरे माहीतच आहे.

स्क्रूचं डोकं बघा. बऱ्याच मशीनना साधा स्क्रूड्रायव्हर लागत नाही. फिरवण्याआधी एल (कमी वेगावरचं पेट्रोल ठरवणारा) आणि एच हलक्या हाताने उजवीकडे टेकेपर्यंत न्या, आटे (स्क्रूचे पूर्ण फेरे) मोजा आणि कागदावर लिहा. डोक्यात ठेवू नका, विसरता. टेकल्यावर जोर लावला तर सुईचं टोक आणि तिची बैठक दोन्ही खराब होतात. मग मॅन्युअलमधल्या मूळ सेटिंगवर या. बऱ्याच मशीनमध्ये ते टेकल्यापासून साधारण एक आटा असतं. उजवीकडे कसलं की पेट्रोल कमी, डावीकडे सोडलं की जास्त.

आता मशीन चांगलं तापू द्या, थंड इंजिनावर काही ठरवू नका. फिल्टर बसवलाय ना? स्वच्छ? बरं.

आधी एल. आयडल, म्हणजे ट्रिगर न दाबता इंजिन चालतं तो वेग, सर्वांत वर जाईल ती जागा शोधा आणि तिथून थोडं डावीकडे. ट्रिगर दाबल्यावर अडखळलं तर अजून थोडं सोडा. मग आयडलचा स्क्रू, चेन पूर्ण थांबेपर्यंत. आयडल आपोआप वरखाली होत राहिलं तर स्क्रूशी खेळत बसू नका, बहुधा कुठूनतरी हवा शिरतेय. आधी ती गळती शोधा.

एच शेवटी. चेन ब्रेक मोकळा करून, काही सेकंदच पूर्ण रेस. लाकडाबाहेर आवाज किंचित फाटका आणि लाकडात गेल्यावर साफ, असं हवं. बारीक किंकाळी आली तर लगेच डावीकडे. टॅकोमीटर असेल तर मॅन्युअलमधल्या कमाल आरपीएमच्या वर जाऊ नका. काही मशीनमध्ये रेव्ह लिमिटर (इंजिनाचा वेग ठरावीक मर्यादेवर अडवणारा) असतो, त्याचाही आवाज तसाच फाटका येतो. त्याला रिच समजून कसत सुटाल.

परत एल, परत आयडल. एक ओंडका कापा. गार झाल्यावर प्लग बघा: फिकट तपकिरी चालेल, पांढरट असेल तर एच थोडा सोडा. नवे आटे त्याच कागदावर लिहा, शेजारी फिल्टर धुतल्याची तारीख.