नाव नसलेली जुनी रेसिंग सायकलची फ्रेम कुठल्या देशातली, ते शेवटी आट्यांवरून कळलं

इथे लंडनमधे सेकंडहँड घेतलेली स्टीलची फ्रेम, बॅज नाही, स्टिकर नाही, वर कोणीतरी फासलेला काळा रंग. ड्रॉपआउटवर (मागचं चाक जिथे अडकतं ती खाच) कॅम्पॅग्नोलो या इटालियन कंपनीचं नाव लिहिलेलं पण ते तर सगळ्या देशातले बिल्डर लावायचे. सिरीयल नंबर शोधून डोकं उठलं.

शेवटी बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस जिथे फिरतो तो भाग; तो दोन बाजूंच्या आटेवाल्या कपांनी फ्रेमला बसतो) उघडली. रात्रभर तेल सोडून ठेवलं, मग चेनच्या बाजूचा कप घड्याळाच्या उलट फिरवला तर सुटला, म्हणजे सरळ आटे, इंग्लिश बाद (त्यांचे चेनच्या बाजूला उलटे असतात). मग कपाला व्हर्नियर लावला, बाहेरून व्यास 36 मिमी, आणि पिच गेजवर (आटे मोजायची पट्टी) इंचाला 24 आटे. फ्रेंच असता तर 35 मिमी आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 1 मिमी. पण थांबा, आटे गेलेल्या इंग्लिश शेलला (फ्रेमची नळी, जिच्यात बीबी बसते) पण लोक इटालियन आटे पाडून घेतात, म्हणून शेलची रुंदी मोजाच. इंग्लिश साधारण 68 मिमी, माझी 70 भरली. इटालियनच!