एक्सेलमध्ये उत्तराऐवजी फॉर्म्युलाच दिसतोय? असा सोडवा

परळच्या आमच्या सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशेब मी एक्सेलमध्ये ठेवते. एका रविवारी कमिटीची मीटिंग तासाभरावर आली होती आणि एकूण थकबाकीच्या घरात, म्हणजे शीटमधल्या त्या चौकोनात (सेलमध्ये), रकमेऐवजी =सम(डी२:डी४१) अशी अक्षरं दिसत होती. कितीही वेळा एंटर दाबा, तेच.

असं झालं की आधी बघा, एखादंच घर बिघडलंय की सगळं शीट. सगळे फॉर्म्युले एकदम उघडे पडले असतील आणि कॉलमही रुंद झाले असतील, तर काही बिघडलेलं नाही. कंट्रोल धरून टॅबच्या वरची कळ चुकून दाबली गेली आहे. तेच पुन्हा दाबा.

एक-दोनच घरं असतील तर घरावर क्लिक करून वरचा फॉर्म्युला बार नीट वाचा. बरोबरच्या चिन्हाआधी एखादी स्पेस किंवा एकेरी अवतरणचिन्ह असेल. हे चिन्ह घरात दिसत नाही, बारमध्येच दिसतं. खोडा आणि एंटर दाबा.

आमचं दुखणं वेगळं होतं. खोली नंबर ३/१२ लिहिला की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. ते टाळायला कुणीतरी अख्ख्या शीटला टेक्स्ट फॉरमॅट दिला होता. टेक्स्टच्या घरात एक्सेल काही मोजत नाही, टाइप केलेलं जसंच्या तसं ठेवतं. उपाय म्हणून घर निवडा आणि होम टॅबवरच्या यादीत टेक्स्टच्या जागी जनरल करा. बहुतेक जण अडकतात ते इथेच, कारण जनरल केल्यावरही घर ढिम्म हलत नाही. फॉरमॅट बदलला म्हणून आतलं लिखाण एक्सेल पुन्हा वाचत नाही, ते आपण वाचायला लावायचं. एफ२ दाबा, मग एंटर. उत्तर येतं.

चाळीस ओळींसाठी एफ२ दाबत बसू नका. जनरल केलेला कॉलम निवडा, डेटा टॅबमध्ये टेक्स्ट टू कॉलम्स उघडा आणि काही न बदलता थेट फिनिश करा. एका वेळी एकच कॉलम घ्या. खोली नंबरच्या कॉलमला मात्र अजिबात हात लावू नका, तो टेक्स्टच राहू द्या. एकदा त्याच्या तारखा झाल्या की परत टेक्स्ट करूनही ३/१२ मिळत नाही, पाच आकडी भलताच नंबर दिसतो. तसं झालंच तर लगेच कंट्रोल झेड.

गूगल शीट्समध्ये फॉरमॅट, मग नंबर, मग ऑटोमॅटिक निवडा आणि फॉर्म्युला पुन्हा लिहा.

इतकं केल्यावर माझ्या घरात आलं शून्य! रकमाही टेक्स्ट म्हणूनच भरल्या होत्या आणि सम टेक्स्ट मोजत नाही. असे आकडे घराच्या डाव्या कडेला चिकटतात, बऱ्याचदा कोपऱ्यात हिरवा त्रिकोणही असतो. डी कॉलम जनरल केला, त्यालाही टेक्स्ट टू कॉलम्स लावलं, तसे आकडे उजवीकडे सरकले आणि थकबाकीची बेरीज आली.