हळदीची कॅप्सूल घ्यावी की नाही, हे कसे ठरवावे

फोडणीत चिमूटभर हळद पडल्याशिवाय आपल्याकडे भाजी होत नाही, आणि म्हणूनच हळदीच्या कॅप्सूलची बाटली हाती आली की ‘घरचीच तर हळद आहे’ असे म्हणून आपण निर्धास्त होतो. हिशेब चुकतो तो नेमका इथे.

पहिल्यांदा मात्रा मोजावी. हळदीतील ज्या घटकाचा एवढा गाजावाजा होतो तो कर्क्युमिन हळदकुंडाच्या भुकटीत साधारण 3 टक्के असतो. म्हणजे चहाच्या चमचाभर, सुमारे 3 ग्रॅम, हळदीतून 90 मिलिग्रॅम कर्क्युमिन पोटात जाते. बाजारातील अनेक कॅप्सूलमध्ये मात्र 95 टक्के शुद्धतेचा 500 मिलिग्रॅम अर्क असतो. दिवसाला अशा दोन घेतल्या, तर ती दहा चमचे हळद झाली. खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनची रोजची स्वीकार्य मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे 3 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 180 मिलिग्रॅम, अशी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने ठरवली आहे. ही मर्यादा ओलांडली की विषबाधा होते असे नव्हे. पण आपण मसाल्याच्या हद्दीतून बाहेर पडलो, एवढे मात्र निश्चित.

नंतर घटकांच्या यादीत मिरीचा अर्क, म्हणजे पायपेरीन, आहे का ते पाहावे. कर्क्युमिन एरवी आतड्यातून फारच थोडे शोषले जाते आणि जे शोषले जाते तेही यकृत झटपट बाहेर टाकते. बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्ये 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पायपेरीन दिले, तेव्हा रक्तातील कर्क्युमिनची उपलब्धता वीस पटींनी वाढल्याचे आढळले. जाहिरातीत हाच आकडा अभिमानाने छापतात. मात्र पायपेरीन यकृताच्या ज्या यंत्रणेला रोखते, तीच यंत्रणा आपल्या इतर औषधांचाही निचरा करत असते, त्यामुळे फिट्स किंवा रक्त पातळ करण्यासाठी घेतलेल्या गोळीचा परिणामही वाढू शकतो, हे बाटलीवर सहसा लिहिलेले नसते. अमेरिकेतील यकृत-इजा संशोधन जाळ्याने 2022 मध्ये हळदीच्या पूरकांमुळे यकृताला इजा झालेल्या 10 रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी पाच जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले आणि एकाचा मृत्यू झाला. त्याच वर्षी इटलीने अशा उत्पादनांवर इशारा छापणे बंधनकारक केले. वापरणाऱ्यांच्या संख्येपुढे असे रुग्ण विरळ आहेत, पण ते कोण असतील हे आधी सांगता येत नाही.

आता फायद्याकडे वळावे आणि ‘कोणत्या तक्रारीसाठी?’ असा स्पष्ट प्रश्न विचारावा. ‘प्रतिकारशक्ती’ हे उत्तर पुरेसे नाही. सर्वांत बरा पुरावा गुडघेदुखीचा आहे. थायलंडमधील 367 रुग्णांच्या चार आठवड्यांच्या चाचणीत हळदीचा अर्क आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळीच्या तोडीचा ठरला. ऑस्ट्रेलियातील 70 जणांच्या 12 आठवड्यांच्या चाचणीत दुखणे काहीसे कमी झाले, पण सांध्यातील सूज आणि कूर्चा यांत फरक पडला नाही. चाचण्या लहान आणि अल्पकाळाच्या आहेत. (अमेरिकेने जखमा भरण्यासाठी हळद वापरण्याला दिलेले पेटंट 1997 मध्ये रद्द झाले, हे आपण अभिमानाने सांगतो, पण तिथे सिद्ध झाले ते ज्ञान जुने असल्याचे, कॅप्सूल गुणकारी असल्याचे नव्हे.)

त्यानंतर स्वतःची औषधे आणि आजार कागदावर लिहून काढावेत. पित्ताशयात खडे असतील, यकृताचा विकार असेल, रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा तत्सम गोळी चालू असेल, गर्भारपण असेल किंवा येत्या दोन आठवड्यांत शस्त्रक्रिया ठरली असेल, तर कॅप्सूल घेऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी साखर अधिक उतरू शकते हे ध्यानात ठेवावे. हिमोग्लोबिन कमी असलेल्यांनी कर्क्युमिन लोहाचे शोषण रोखू शकते, हे विसरू नये.

बाटलीवरील परवानाही वाचावा. ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापले असेल आणि एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी क्रमांक असेल, तर कायद्याने ते अन्न आहे; मग दुकानदाराने सांगितलेल्या रोगनिवारक गुणांना कागदावर आधार नाही.

एवढे करूनही घ्यायचे ठरले, तर डॉक्टरांना सांगून एकच उत्पादन शक्यतो पायपेरीनविना निवडावे, सुरुवातीला यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी आणि आठ आठवड्यांनी दुखण्यात फरक नसल्यास बंद करावे. दरम्यान लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, अंगाला खाज सुटणे किंवा जेवणावरची वासना उडणे यांपैकी काहीही जाणवले, तर त्याच दिवशी कॅप्सूल थांबवून तपासणीला जावे आणि बाटली फेकून न देता सोबत न्यावी, कारण नेमके काय पोटात गेले हे डॉक्टरांना त्या लेबलवरूनच कळणार असते.