जुन्या कोटाचे खांदे घरी कमी करताय? या चुका टाळा

हणजूणच्या बुधवारच्या बाजारात घेतलेला असो की फोंड्याच्या घरातल्या ट्रंकेतून निघालेला, जुना कोट अंगात घातला की खटकतो तो बहुधा खांद्यातच. ऐंशीच्या दशकातला असेल तर जास्तच, कारण तेव्हा खांदे मुद्दाम रुंद आणि जाड पॅडचे शिवत. मग वाटतं, पॅड काढून टाकले की झालं.

झालं नाही. पॅड काढल्याने खांदा अरुंद होत नाही, नुसता खाली बसतो. शिवण त्या पॅडच्या उंचीवर बेतलेली असते. आधार गेला की मानेपासून काखेकडे तिरके झोळ पडतात आणि बाहीचा माथा, म्हणजे खांद्याला जोडलेला वरचा गोल भाग, लोंबतो. पॅड पातळ करा, पण काही तरी आत राहू द्या. फोमचा पॅड मात्र तसाही बदलावा लागेल. आपल्या दमट हवेत जुन्या फोमचा भुगा होतो, नाही तर तो चिकट होऊन कापडाला धरतो. त्याजागी कापसाचा पॅड बरा.

रुंदी खरोखर कमी करायची तर बाहीचा वरचा भाग उसवावाच लागतो. खांद्याच्या मधोमध चिमटा घेऊन भागवलेलं काम लांबूनही ओळखू येतं. एका बाजूला एक ते दीड सेंटीमीटर, एवढीच घरची मर्यादा समजा. त्याहून जास्त घेतलं तर छाती आणि पाठ दोन्ही आवळतात. माझं मत विचाराल तर दोन सेंटीमीटरहून जास्त रुंद असलेला कोट विकतच घेऊ नये.

ब्लेडने उसवू नका, आणि दोन्ही बाह्या एकदम तर मुळीच नको. एक बाजू जशीच्या तशी राहिली की कुठे काय होतं ते तिच्याकडे बघून कळतं. उसवण्याआधी खांद्याची शिवण बाहीला जिथे मिळते ती जागा आणि पुढच्या-मागच्या खुणा रंगीत दोऱ्याने घालून घ्या. खडूची खूण हाताळताना आणि इस्त्रीत पुसली जाते. नवी रेघ खांद्याच्या टोकाला आत घ्या आणि मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडायच्या गोलाकार कडेच्या, निम्म्यापर्यंत जुन्या शिवणीत मिळवा. काखेला हात लावायची गरज नाही. मुंढ्याचं कापड तिरकं असल्याने ताणतं, म्हणून नव्या रेघेवर आतल्या कडक कापडासकट (कॅनव्हास) कच्चे टाके आधी घाला. जास्तीची माया फिटिंग पक्कं झाल्यावरच कापा.

बाही परत लावताना तिचा माथा मुंढ्यापेक्षा मोठा भरतो. नवशिक्याला वाटतं मापात घोळ झाला, आणि तो कात्री चालवतो. अहो, ते तसंच असतं! कोटाच्या बाहीत साधारण अडीच ते चार सेंटीमीटर सैलावा ठेवलेला असतो. दोन ओळी कच्चे टाके घालून हळूहळू ओढा, ओल्या कापडावरून वाफ द्या. लोकर आकसून बसते. टेरीवूल, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेली लोकर, तेवढं आकसत नाही, तिथे चुण्या राहिल्या तर माथा किंचित कमी करायला हरकत नाही. इस्त्री कापडावर थेट टेकवू नका, गडद लोकरीवर चकाकी येते ती जाता जात नाही.

कच्च्या शिलाईवर कोट घालून बघा, तोही शर्टावर, हात सरळ सोडून. बाहीवर तिरके झोळ असतील तर बाही अर्धा सेंटीमीटर पुढे किंवा मागे फिरवून टाचा, बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतात. खांद्याच्या टोकाखाली खळगा दिसला तर माथ्याखालची कापसाची पट्टी उसवताना फेकली गेली असणार. ती परत लावा. खांदा आत गेला की बाहीही तेवढीच वर चढते, त्यामुळे मनगटाची लांबी आधी कमी करून ठेवलेली असेल तर ती चूक निस्तरणं कठीण जातं.

आणि हे काम जुलैत काढू नका. कपाटातून बुरशी लागलेला कोट निघतो, लोक त्यावरच वाफ देतात आणि डाग पक्का बसतो. आधी वाळवून, ब्रशने झाडून घ्या.

अस्तर शेवटी हातानेच शिवा, मुंढ्यात थोडं सैल ठेवून. ताणून बसवलेलं जुनं रेशमी अस्तर हात वर केला की पहिल्यांदा तिथेच फाटतं.